कोहळा फोडणारे कामेश्वरराव

आमच्या सोसायटीच्या सभेत लिफ्टचा विषय निघाला तेव्हा मागच्या खुर्चीवरून एक उंच, सावळे, पांढऱ्याशुभ्र मिशांचे गृहस्थ उठले, उजवा हात छातीवर ठेवला आणि घुमणाऱ्या आवाजात म्हणाले, "ही नुसती लिफ्ट नाही. हा या इमारतीचा श्वास आहे! आणि हा श्वास असाच कोंडलेला राहिला, तर सहाव्या मजल्यावरच्या त्या माउलीच्या अश्रूंचा जाब तुम्हा-आम्हा सर्वांना द्यावा लागेल!"

सहाव्या मजल्यावरची माउली म्हणजे मी. माझे गुडघे दुखत होते हे खरं, पण लिफ्टपायी मी अश्रू वगैरे ढाळले नव्हते. बँकेतून नुकतीच निवृत्त झालेली बाई मी, ढाळले असते तरी चारचौघांत कबूल केलं नसतं. सेक्रेटरींनी घाईघाईने ठराव मांडला, कुणीतरी तितक्याच घाईने अनुमोदन दिलं, आणि वर्षभर रखडलेली लिफ्ट आठवड्याभरात चालू झाली.

सभेच्याच दिवशी संध्याकाळी हे गृहस्थ माझ्या दारात हात जोडून उभे. "नमस्कारम. मी कामेश्वरराव. सकाळी सभेत तुम्हाला रडवलं. क्षमा." मग लगेच, "टिफिन झालं?" टिफिन म्हणजे त्यांच्याकडचा नाश्ता, आणि ही काही नाश्त्याची वेळ नव्हती. पण पुढे कळलं की हा प्रश्न ते कोणालाही, केव्हाही विचारतात आणि उत्तर खरंच ऐकून घेतात. नाही म्हटलं तर तुमची सुटका नसते. मी नाही म्हटलं आणि पंधरा मिनिटांत त्यांच्याकडून झाकण घातलेल्या ताटलीत गरम उपमा आला. त्यात काजू इतके की मला आधी तो शिरा वाटला.

कामेश्वरराव तेलुगू चित्रपटांचे निर्माते होते. राजमहेंद्रीचे. बायको गेल्यावर इथे मुलीजवळ राहायला आले. मुलगी आणि जावई दोघंही तळोज्याच्या एका कारखान्यात नोकरीला. रिकामं बसवेना म्हणून त्यांनी वाशीत डबिंगचा स्टुडिओ काढला होता. तेलुगू चित्रपट तिथे हिंदीत आणि मराठीत बोलायला लागायचे. त्यांचं मराठी त्या स्टुडिओतलं. खलनायकाला ठणकावणारे नायक आणि पदराने डोळे पुसणाऱ्या आया, यांच्याकडून ते शिकलेले. त्यामुळे दूधवाल्यालासुद्धा ते म्हणत, "या घराची चूल आज तुझ्या शब्दावर पेटणार आहे." दूधवाला त्यांच्याकडे सगळ्यात आधी यायचा. मला थोडंफार लिहायची सवय होती, ती त्यांना कळली, आणि मी त्यांची मराठी संवादलेखिका झाले. माझं आडनाव वैद्य, म्हणून ते मला वैद्यगारू म्हणायचे. 'गारू' म्हणजे आपलं 'राव' किंवा 'साहेब'. पुरुषालाही लागतं, बाईलाही लागतं. मला ते फार आवडायचं.

लोक त्यांना नट-नट्यांच्या भानगडी विचारायचे. निर्माता म्हटल्यावर विचारणारच. कामेश्वरराव सांगायचे त्या गोष्टी मात्र जेवणाच्या. अमक्या चित्रपटाच्या वेळी नदीकाठी शूटिंग होतं, पाऊस पडला, चुली विझल्या, तरी युनिटला वेळेवर भात कसा मिळाला, हे ते अशा रंगात येऊन सांगत की ऐकणारा हिरॉइनला विसरून जाई. त्यांच्या सेटवर एकच पंगत. हिरो तिथेच, दिवे उचलणारा तिथेच. निर्मात्याचं पान सगळ्यात शेवटी. "उपाशी माणसाला कॅमेऱ्यासमोर हसता येतं," ते म्हणायचे, "पण ते हसू पडद्यावर दिसतं, वैद्यगारू. प्रेक्षकाला कळत नाही काय चुकलं. पण चुकलेलं असतं." मी उभा जन्म बँकेत काढला. तिथे साहेबांचा डबा आणि शिपायाचा डबा एका टेबलावर कधी उघडलेला पाहिला नाही. मला हे ऐकून आधी गंमत वाटली, मग नवल वाटलं आणि मग आदर वाटायला लागला.

अशा माणसाला राजकारणात ओढलं ते एका पक्षाच्या शहराध्यक्षांनी. त्यांचं गणित साधं होतं. वॉर्डात तेलुगू मतं बरीच, फ्लॅटवाल्यांत कामेश्वररावांचं नाव चांगलं, आणि नावातला 'राव' दोन्हीकडे चालणारा. निम्म्या वॉर्डाला ते मराठवाड्यातले वाटायचे. शिवाय माणूस सिनेमावाला. प्रचाराला हैदराबादहून एखादा हिरो आणेल, रोड शो होईल, गर्दी ओसंडून वाहील. कामेश्वररावांनी आधी नाही म्हटलं, मग महिनाभराने हो म्हटलं. का, असं मी विचारलं तर म्हणाले, "पिक्चर काढणं आणि हे, कामाची रीत एकच. शंभर माणसं गोळा करायची, त्यांची भांडणं मिटवायची, आणि काम पुरं करायचं." हे ते अगदी साध्या मराठीत म्हणाले. तेव्हा माझ्या पहिल्यांदा लक्षात आलं की मनातलं बोलायचं असलं की त्यांची डबिंगची भाषा गळून पडते आणि छोटी छोटी वाक्यं उरतात.

प्रचाराला हैदराबादहून माणूस आला खरा. शहराध्यक्षांना निरोप होता की माझ्या पिक्चरचा सगळ्यात मोठा आर्टिस्ट उद्या येतोय. ढोल, ताशे, हार, मोबाइल उंचावलेली पोरं, सगळी जय्यत तयारी. गाडी थांबली, दार उघडलं आणि आतून उतरला एक टक्कल पडलेला, घामाघूम, पोट सुटलेला गृहस्थ, बगलेत केवढा तरी झारा. हा त्यांच्या युनिटचा आचारी सूरी. ढोलवाले वाजवायचे थांबले. शहराध्यक्षांनी कपाळाला हात लावला. कामेश्वररावांनी मात्र सूरीच्या गळ्यात स्वतःच्या हाताने हार घातला आणि गहिवरून म्हणाले, "यांच्याशिवाय माझा एकही चित्रपट पूर्ण झाला नाही."

कार्यकर्त्यांना प्रचाराच्या दिवसांत कोंबडी-वड्यांची सवय. पहिल्या दिवशी इडली आणि पेसरट्टू पाहून सगळ्यांची तोंडं वाकडी झाली. पेसरट्टू म्हणजे मुगाचा डोसा. तीन-चार दिवसांत विरोधी पक्षाची पोरं उपरणी खिशात कोंबून पंगतीला बसायला लागली. सूरी त्यांनाही वाढायचा. शहराध्यक्ष आले ते सवयीप्रमाणे आतल्या एसी खोलीत बसले आणि ताट आत मागवलं. कामेश्वरराव स्वतः आत गेले, हात जोडून म्हणाले, "साहेब, पंगत बाहेर आहे," आणि तसेच उभे राहिले. त्यांच्या उभं राहण्यात राग नव्हता, घाई नव्हती. समोरचा उठल्याशिवाय ते हलणार नाहीत एवढंच त्यात दिसायचं. शहराध्यक्ष उठले. बॅनर बांधणाऱ्या माणसाशेजारी मांडी घालून त्यांनी इडली खाल्ली, आणि दुसऱ्यांदा सांबार मागून घेतलं.

त्याच प्रचारात हिराबाय भेटली. आमच्या सेक्टरच्या कोपऱ्यावर, गटाराच्या कडेला, करावे गावातल्या बायका मासळी घेऊन बसायच्या. हिराबाय त्यांच्यातली सगळ्यात थोरली. अंगाने वाळलेली, आवाजाने खणखणीत. कामेश्वरराव जन्माचे शाकाहारी. अंड्याचा वास आला तरी खिडकी उघडणारे. ते नाकाला अत्तराचा रुमाल लावून हात जोडत पुढे गेले तशी हिराबाय ओरडली, "नाकाला फरका लावून मतां मांगाला आलास? जा, पयला नाक सांभाल तुजा!"

बरोबरचे कार्यकर्ते त्यांना पुढे ढकलायला लागले. मतं पुढच्या सोसायटीत होती. कामेश्वररावांनी रुमालाची घडी घालून तो खिशात ठेवला, शेजारचा मासळीचा रिकामा क्रेट पालथा घातला आणि त्यावर बसले. हिराबायची पाटी रिकामी होईपर्यंत तिथेच बसले. माश्या, ऊन, वास, सगळं सोसून. मी पापलेट घ्यायला गेले होते, हे दृश्य पाहून मी पापलेटचा भाव करायचंच विसरले. शेवटी हिराबायनेच विचारलं, "आता काय पायजे तुना?"

"तुम्हाला काय पाहिजे, अम्मा?"

ती हसली. मग हसू आवरून म्हणाली, "नल दे. छप्पर नाय दिलास तरी चालल. आमी बाया सकालपासून पानी पीत नाय, म्हाइत हाय? पानी प्यालो तं जायाचा कुठं? दुपारी घरी जातो तवा पितो. मूतखडा झालेला दोघींना. नल दे, आन कडी लागंल आसा संडास दे. दुसरा काय नको."

मी त्या कोपऱ्यावर वर्षानुवर्षं मासळी घेत होते. ही गोष्ट मला ठाऊक नव्हती. उठताना कामेश्वररावांनी हिराबायला वाकून नमस्कार केला, आणि ती बावरून पाटीकडे बघायला लागली.

ते निवडून आले. मग सुरू झाला तो कोहळ्याचा प्रकार, ज्याला सगळा वॉर्ड आधी हसला आणि मग ज्याने वठणीवर आला.

तेलुगू चित्रपटसृष्टीत एक रीत आहे. शूटिंग सुरू होताना नारळ फुटतो, तसा आपल्याकडेही फुटतो. पण शूटिंग संपतं तेव्हा तिथे कोहळा फोडतात. कापूर लावायचा, ओवाळायचा, आणि दणकन जमिनीवर आपटायचा. कोहळा फुटला म्हणजे चित्रीकरण संपलं, युनिट मोकळं, ज्याने त्याने आपल्या घरी जायचं. एक शॉट जरी बाकी असला तरी कोहळा फोडायचा नाही. नगरसेवक झाल्यावर कामेश्वररावांनी जाहीर करून टाकलं की ते कोणत्याही कामाचा नारळ फोडणार नाहीत. "नारळ सगळे फोडतात. फोडून झाला की फोटो काढतात. फोटो झाला की काम संपतं," ते म्हणाले. "मी कोहळा फोडणार."

आणि त्यांनी तसंच केलं. गटारावर झाकणं बसली, कोहळा. बागेतला मोडका झोपाळा दुरुस्त झाला, कोहळा. शाळेसमोरच्या रस्त्यावर दिवे लागले, पुन्हा कोहळा. फोडायच्या आधी ते स्वतः झाकणांवरून चालून बघायचे, झोपाळ्यावर बसून बघायचे. दिव्यांच्या वेळी तर शेवटच्या खांबाचा दिवा लुकलुकत होता म्हणून त्यांनी पेटवलेला कापूर विझवला आणि सगळ्यांना घरी पाठवलं. कंत्राटदाराच्या नाकी नऊ आले. फोडून झाल्यावर रस्त्यावरचे तुकडे ते वाकून स्वतः उचलायचे. कोणाला हात लावू द्यायचे नाहीत. पुढे पुढे असं झालं की कुठल्या कामाची चौकशी केली की वॉर्डातली पोरंटोरं विचारायची, कोहळा झाला का? नाही म्हटलं की समजायचं, काम बाकी आहे. भाजीवालीकडेही कोहळे जास्त यायला लागले. नगरसेवकाच्या शब्दाला एवढी किंमत असलेली मी माझ्या आयुष्यात पाहिली नव्हती.

हिराबायसारख्या बायकांसाठी राखलेल्या मासळी बाजाराच्या जागेवर मात्र याआधीच्या नगरसेवकांचे नारळ पूर्वीच फुटलेले होते. भूमिपूजनाच्या दगडाला टेकून कुत्री झोपायची. कामेश्वररावांनी तो प्रश्न हातात घेतला आणि त्यांची सगळी मुदत त्यात गेली. ऑफिसांचे हेलपाटे, परवानग्या, एक कंत्राटदार पळाला, दुसरा आला. शेवटी खांब उभे राहिले, छप्पर आलं, ओटे झाले, पांढऱ्या फरश्या लागल्या. नळाच्या तोट्याही बसल्या. फक्त त्यांना पाणी नव्हतं. मोठ्या वाहिनीपासूनची जोडणी रस्ता खोदल्याशिवाय होत नव्हती आणि रस्ता खोदायची परवानगी अडकलेली. स्वच्छतागृहाच्या दारांना कड्याही लागायच्या होत्या. आणि निवडणुका तोंडावर आल्या.

शहराध्यक्ष आले तेव्हा मी कामेश्वररावांच्या घरीच होते. कसल्याशा निमंत्रणाचा मजकूर लिहायचा आहे म्हणून शहराध्यक्षांनीच मला तिथे बोलावलं होतं. शहराध्यक्ष भलत्याच आनंदात होते.

"रावसाहेब, काम झालं! मोठ्या साहेबांनी डेट दिली. पुढच्या रविवारी उद्घाटन. नंतर आचारसंहिता लागनार, मग वर्षभर काय नाय होनार."

"पाणी नाही," कामेश्वरराव म्हणाले.

"येईल ओ मागून! तुमी पन ना, कशाला एवढं टेन्शन घेता? रिबन कापू, फोटो येतील, तुमचं तिकीट पक्कं. साहेबांची डेट परत मिळनार नाय."

डेट हा शब्द दुसऱ्यांदा आला तसे कामेश्वररावांचे डोळे खिडकीबाहेर गेले. "उद्घाटन झालं की पाणी येणार नाही," ते शांतपणे म्हणाले. "कागदावर बाजार पुरा झाला, मग रस्ता कोण खोदणार? पाणी आलं की उद्घाटन."

शहराध्यक्षांनी माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीकडे पाहिलं. जाता जाता ते म्हणाले, "दोन दिवस विचार करा. तुमच्या नावाला वरून विरोध झाला तर मी काय करू शकनार नाय." तेव्हा मला पहिल्यांदा कामेश्वररावांबद्दल भीती वाटली. कामेश्वररावांना हे पद मनापासून आवडायला लागलं होतं, हे मला माहीत होतं. अंगणवाडीतली मुलं त्यांना 'कोहळा आजोबा' म्हणायची आणि ते घरी येऊन हे मला चार चार वेळा सांगायचे.

दुसऱ्या दिवशी दुपारी हिराबाय आली. बरोबर पाच-सहा बायका. शहराध्यक्षांनी त्यांना सांगितलं होतं की बाजार तयार आहे, तुमचा नगरसेवकच अडून बसलाय. हिराबाय आत आली ती भांडायलाच.

"आमचे डोकीवर छप्पर यतंय तं तू कनाला आरवतंस? उनान बसून डोल्यांनी दिसाचा बंद झाला माज्या. पानी आमी हंड्यानं आनू. आजपातूर काय नलाचा पानी होता आमाला?"

मला वाटलं, आता ते विरघळणार. ज्यांच्यासाठी अडून बसायचं त्यांनीच असं म्हटल्यावर माणसाने करायचं काय? कामेश्वररावांनी सगळ्यांना बसायला सांगितलं. टिफिन झालं का विचारलं. झालं नव्हतं. उपमा झाला, वाढून झाला, बायकांनी खाल्ला. मग ते स्वतः जमिनीवर बसले आणि त्यांनी मंगतायारम्माची गोष्ट सांगितली. मला ती तोवर त्यांनी कधी सांगितलेली नव्हती.

मंगतायारम्मा ही जुनी नाटकातली नटी. उतारवयात चित्रपटात आजीची, मावशीची कामं करायची. दाराशी उभं राहायचं, तांब्या द्यायचा, एवढीच. कामेश्वररावांच्या एका चित्रपटात तिला पहिल्यांदा खरा प्रसंग मिळाला. मुलाला निरोप द्यायला आई गोदावरीच्या घाटावर येते, आणि सगळं बोलणं तिचं. तो प्रसंग शेवटच्या दिवसासाठी ठेवला होता. ती रोज सेटवर यायची, कोपऱ्यात बसून ओठांतल्या ओठांत म्हणायची. मग हिरोच्या डेट्स संपल्या. त्याला दुसऱ्या चित्रपटाला जायचं होतं, आणि जायच्या आधी त्याला समारंभ हवा होता. "मी कोहळा फोडला," कामेश्वरराव म्हणाले. "एक प्रसंग बाकी होता. मला माहीत होतं. म्हटलं, नंतर घेऊ. पण कोहळा फुटला की युनिट थांबत नाही. कॅमेरा गेला, दिवे गेले. माणसं गेली. नंतर कधी येत नाही."

तिला सांगायचं राहून गेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी कामेश्वरराव भाड्याच्या होड्या परत करायला घाटावर गेले. पायरीवर मंगतायारम्मा बसली होती. प्रसंगाचं लुगडं नेसून, स्वतःच्या हाताने तोंडाला रंग लावून. त्यांना पाहून उठली आणि म्हणाली, बाबू, मी तयार आहे, दिवे केव्हा येणार?

"मी काय सांगितलं? म्हटलं, अम्मा, आज उजेड बरोबर नाही. ती म्हणाली, बरं, मग उद्या येते. आणि घरी गेली."

हिराबायने पदराने कपाळ पुसलं.

"मंग? उद्या आली ती?"

"आली. मी गेलो नाही."

"नंतर बोलवलीस तिला?"

"धीर झाला नाही, अम्मा. पिक्चर चालला. हाऊसफुल्ल. तिचा प्रसंग नव्हता त्यात, कोणाला कळलंसुद्धा नाही. तुमच्या नळाचं तसंच होईल. कोणाला कळणारसुद्धा नाही."

हिराबायने हातातली ताटली खाली ठेवली. मग गुडघ्यावर हात टेकून उठली आणि बायकांना म्हणाली, "चला गो. रावदे. आदी पानी येवदे." दारात वळून कामेश्वररावांना म्हणाली, "पन मंग आणशील हां! नायतं तुज्या दारान बसंन पाटी घेऊन." एवढं बोलून ती गेली, पुन्हा त्याच गटाराच्या कडेला, उन्हात. त्या दोघांपैकी जास्त मोठं कोण, याचा निवाडा मला आजतागायत करता आलेला नाही.

उद्घाटन झालं नाही. तिकीट दुसऱ्याला मिळालं. कामेश्वरराव एका वाक्यानेही कोणाला दोष देत नव्हते, पण अंगणवाडीवरून जायचं त्यांनी काही दिवस टाळलं. मला वाटलं, आता हा माणूस स्टुडिओत जाऊन बसेल. तसं झालं नाही. पद गेल्यावर ते जास्त नेमाने पालिकेत जायला लागले. पाणी खात्यातल्या इंजिनिअरच्या केबिनबाहेर बाक होता, त्यावर जाऊन बसायचे. आता त्यांच्या नावाची पाटी नाही, शिक्का नाही, बरोबर माणसं नाहीत. साहेब बाहेर आले की उठून उभे राहायचे आणि विचारायचे, "टिफिन झालं?" इंजिनिअर आधी चिडला, मग टाळायला लागला, मग एके दिवशी स्वतःच येऊन बाकावर शेजारी बसला आणि आपला डबा उघडला. मी एकदा त्यांना म्हटलं, "अहो, तुम्हाला आता कोण विचारतंय? सोडून द्या." ते म्हणाले, "नटाच्या डेटसाठी मी त्याच्या दाराबाहेर बसलोय, वैद्यगारू, मोठा प्रोड्यूसर असताना. बसायचं असतं. लाज वाटली तर काम होत नाही." मला स्वतःच्या कामासाठी कधी कोणाच्या बाकावर बसायची हिंमत झाली नव्हती, आणि हे दुसऱ्याच्या नळासाठी बसत होते.

रस्ता खोदला गेला. पाइप आला, स्वच्छतागृहाच्या दारांना कड्या लागल्या. नव्या नगरसेवकाने उद्घाटन ठरवलं, कोनशिलेवर बरीच नावं आली, त्यात यांचं नव्हतं. निमंत्रण आलं ते सोसायटीच्या नावाने आलं. मी त्यांना म्हटलं, "कोहळा आणा. तुमचा हक्क आहे." ते हसले. "चित्रपट ज्याच्या बॅनरचा त्याने फोडायचा. मी आता प्रेक्षक." त्याच सुमारास मुलीची बदली विशाखापट्टणमला झाली होती आणि त्यांचं सामान बांधून झालं होतं.

उद्घाटनाच्या दिवशी मी गेले ती भाषणं संपल्यावरच. मंडपवाले खुर्च्या गोळा करत होते. बायका ओट्यांवर बसल्या होत्या, गिऱ्हाइकं यायला लागली होती. बोंबील, कोलंबी, सुरमई, सगळीकडे एकच गलका. मागच्या भिंतीशी धुण्याची जागा होती, तिथे मला कामेश्वरराव दिसले. एकटेच होते. पांढरा शर्ट, पायांत भिजलेल्या चपला, आणि नाकाला रुमाल नव्हता. एकेक तोटी सोडून तिच्याखाली हात धरत होते. पाणी हातावरून वाहू देत, मग पुढची सोडत. आधीची बंद करायचं त्यांच्या ध्यानातच नव्हतं. सगळे नळ धो धो वाहत होते.

तेवढ्यात ओट्यावरून हिराबायचा आवाज आला. "ये सायब! कनाला नल उगरे टाकलंस? आमचा पानी फुकट घालवतंस? बंद कर पयला!"

कामेश्वरराव दचकले. शाळकरी पोरासारखे घाईघाईने एकामागून एक सगळे नळ बंद करत गेले. "सॉरी अम्मा, सॉरी," म्हणत ओले हात जोडून उभे राहिले. हिराबाय ओट्यावरून उतरून तरातरा आली. त्यांना बाजूला सारलं. तिच्या हातात तांब्या होता. तो तिने नळाखाली धरून भरला, आणि तिथेच उभी राहून, मान वर करून, घटाघटा सगळा रिकामा केला. मग पुन्हा भरला आणि पुन्हा प्यायली. सकाळचे अकरासुद्धा वाजले नव्हते. तोंड पुसून ती ओट्याकडे निघून गेली, आणि कामेश्वरराव तिथेच भिंतीला टेकून ती पुन्हा पाटीशी बसेपर्यंत तिच्याकडे बघत राहिले.